फक्त फॅमिलीसाठी

४ एप्रिल, शुक्रवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक कुकर, कौस्तुभचा फोटो आणि ही वही. राजोडीत रिक्षावाल्यानं दोनदा वाट चुकवली आणि वर मलाच विचारलं, मॅडम, नक्की इकडेच ना? सुरूच्या बनातून बाहेर पडलो तर समोर खाडीचा फाटा, त्यावर लाकडी पूल आणि पलीकडे नारळबेट फॅमिली रिसॉर्ट. बेट ही अगदीच थाप नाही. भरतीला चारी बाजूंनी पाणी असतं. ओहोटीला चिखल आणि बगळे. वेबसाइटवर अर्थातच ओहोटीचा फोटो नाही.

उन्नतीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीत अंदमानला जाऊन आली, तेव्हापासून आमच्या बाईसाहेबांनी फोनवर बेट बेट करून माझं डोकं खाल्लं होतं. आता म्हणावं, ये, आईनं राहायलाच बेट शोधलंय. तिचा बाबा कौस्तुभ गेल्यापासून ती साताऱ्याला माझ्या नणंदेकडे, यमुनाताईकडे, आणि मी बोळिंजला भाड्याच्या खोलीत, अंधेरीच्या हॉटेलात रिसेप्शनवर. आमच्या घरात माणसं उरली दोन, तीही दोन गावांत. इथे मॅनेजर म्हणून मला राहायला खोली आहे. परीक्षा संपली की ती येईल आणि सुट्टीभर माझ्याजवळ राहील. या नोकरीतून मला दुसरं काही नको.

मालक जॅक्सन तिशीचा आहे, नम्र, गॉगल कायम डोक्यावर. ही त्याच्या घराण्याची वाडी. माड आहेतच, त्यांच्या मध्ये यानं बाहेरून पाम आणून लावलेत, म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत केक. गवती छपरांची कॉटेजेस, घसरगुंडीचा निळा स्विमिंग पूल, आणि मधोमध जुनी दगडी विहीर. प्यायला, स्वयंपाकाला, पुलाला, सगळं पाणी तिचंच. बोळिंजला टँकरच्या पाण्यावर जीभ मेली होती माझी. इथे दोन पेले घटाघट प्यायले. गोड पाणी आहे.

७ एप्रिल, सोमवार

दिवसभर फोन. उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की सगळ्यांना बेट हवं असतं, आणि ते विरारहून रिक्षेच्या अंतरावर हवं असतं. मुलांचा पूल वेगळा आहे का? आजींना कमोड आहे का? जेवण तिखट नसतं ना? एका बाईंनी विचारलं, समुद्राला कुंपण आहे का. मी हसले नाही. आई ठिकाण कसं निवडते ते मला ठाऊक आहे. आधी पोराला धोका काय ते बघते, मग संडास, मग जेवण. समुद्र सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येकीचा एक प्रश्न ठरलेला: दारू पिऊन धिंगाणा घालणारी पोरं तर येत नाहीत ना? मी सांगते, ताई, आमचं फक्त फॅमिलीसाठी आहे, डोळे मिटून या.

ते खरं व्हावं म्हणून मीच कंबर कसली आहे. गेटवर पाटी होती, पण जॅक्सन कुणालाही सोडायचा. आता मी आधार कार्डं बघते. आडनाव जुळलं पाहिजे, पत्ता जुळला पाहिजे. काल पाच पोरांना लाकडी पुलावरूनच परत पाठवलं. मावसभाऊ म्हणे. एकाचंही आजोळ दुसऱ्याशी जुळेना. जॅक्सन म्हणाला, मॅडम, राहू दे, पोरांचा इथे कधी त्रास झाला नाही. मी म्हटलं, अशानं चांगली कुटुंबं येणार नाहीत. तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, तुम्हाला बरं वाटेल तसं करा.

स्वयंपाकघरात भागूबाई आहे, राजोडीचीच. हाताला चव आहे तिच्या. गर्दीच्या दिवसांत सुनेलाही घेऊन ये म्हटलं तर मान हलवली. म्हणाली, "एका घरच्या दोघी नको बाय. एक दिस मी येन, एक दिस ती येल." मी जास्त खोदलं नाही. घरोघरी मातीच्या चुली.

१३ एप्रिल, रविवार

आज पहिलंच गालबोट. बोळिंजचे दोन भाऊ आले होते, जयवंत आणि संकेत, एकाच सोसायटीत राहणारे, बायकामुलांसकट. हसरी मंडळी. सकाळी मिसळ खाताना थोरला धाकट्याच्या ताटात स्वतःचं फरसाण टाकत होता. दुपारी पुलात चेंडू खेळता खेळता जयवंतनं संकेतचं डोकं पाण्यात दाबलं. सगळे हसले, मीही हसले. मग हसण्याइतका वेळ होऊन गेला तरी जयवंतचा हात वर येईना. लाइफगार्डनं आणि मी मिळून संकेतला ओढून काढलं, तर वर येताच त्यानं भावाच्या तोंडावर डोकं आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. निळ्या पाण्यात रक्त पसरत होतं आणि मुलं घसरगुंडीवर तशीच उभी होती.

नंतर दोघंही रडले. कशावरून झालं ते त्यांनाच सांगता येईना. जयवंत नुसता म्हणत होता, "माझी बारी होती." कसली बारी, कुणास ठाऊक. मी बर्फ दिला, फुकट सरबत पाजलं आणि रवाना केलं.

१६ एप्रिल, बुधवार

जॅक्सनची आई रेजिना लाकडी पुलापलीकडच्या जुन्या घरात एकटी राहते. संध्याकाळी विहिरीजवळच्या क्रूसापाशी मेणबत्ती लावायला येते. ती पुलावर दिसली की जॅक्सन हातातलं काम टाकून निघतो. पुलावर दोघं भेटतात, ती त्याच्या गालावरून हात फिरवते, डब्यातलं काहीतरी भरवते, मग तो बाहेर आणि ती आत. ती गेल्यावरच तो परत येतो. भांडण म्हणावं तर एवढी माया, आणि माया म्हणावी तर एक दिवससुद्धा मायलेक आत एकत्र नाहीत. ती इथलं पाणी तोंडाला लावत नाही, तेही पाहिलं. श्रीमंतांची तऱ्हा, दुसरं काय.

१९ एप्रिल, शनिवार

जॅक्सनच्या मित्राचं अख्खं ऑफिस आलं. मी नाक मुरडलं, पण मालकापुढे काय बोलणार. माणसं अशी, की एकमेकांचं तोंड बघवत नाही. जेवताना टोमणे, वॉलीबॉलला शिव्या. संध्याकाळपर्यंत पुलात डुंबली आणि एक ओरखडासुद्धा न उठता घरी गेली. फॅमिलीवाले यांच्याकडून शिकले तर बरं होईल.

२१ एप्रिल, सोमवार

काल ईस्टर, रविवार, पाय ठेवायला जागा नव्हती. दोन सख्ख्या बहिणी शेजारी बसून जेवत होत्या. धाकटीनं भाताच्या वाडग्याकडे हात नेला आणि थोरलीनं त्या हातात काटा खुपसला, टेबलापर्यंत. ओरडलीसुद्धा नाही कुणी. धाकटी आपल्या हाताकडे बघत होती आणि थोरली शांतपणे वाढून घेत होती. म्हणाली, बारी माझी आहे.

चारच्या सुमारास एका आईनं स्वतःच्या लेकराचा दंड चावला. मांस दिसत होतं. ती बाई मला सकाळीच आवडली होती, सनस्क्रीन लावताना गाणं म्हणत होती. रुग्णालयात जाताना तोंड पुसायचंही भान नव्हतं तिला.

भागूबाई भांडी घासत राहिली. मी विचारलं, पूर्वी असं व्हायचं का गं? ती म्हणाली, "पूर्वी कोन येत होतं इथं?"

आठवडाभर पुलात क्लोरीन कमी घालायला सांगितलंय. मेंदूवर परिणाम होत असेल. मला काहीतरी कारण हवं आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

उन्नती आली. पुलावरून धावतच आली, सँडल हातात. माझ्याहून बोटभर उंच झाली आहे. पोरगी मोठी होताना मी बघितलीच नाही, हे इतकं लागलं मनाला, की रिसेप्शनच्या मागे जाऊन रडून घेतलं. भागूबाईनं तिला तळलेले बोंबील दिले. ही म्हणे, अंदमानला काय मिळणार असे. दुपारभर पुलात होती. बाहेर आली ती तहानेनं कासावीस, तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. उरलेलं घोटभर मी प्यायले.

रात्री एका पांघरुणात झोपलो. माझ्या पोटावर पाय टाकून झोपते, अजून.

२७ एप्रिल, रविवार

दहिसरचं कुटुंब. आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. एकाच घरात राहतात, एका चुलीवर जेवतात, मी आधारवर पत्ता बघून कौतुकसुद्धा केलं. म्हटलं, हल्ली अशी घरं कुठे राहिलीत.

पुलातून निघून सगळे शहाळ्यांपाशी रांगेत उभे होते. पहिलं शहाळं थोरल्यानं घेतलं. धाकट्यानं शहाळेवाल्याच्या हातातला कोयता काढून घेतला आणि भावाच्या मानेवर घातला. एकदा नाही. मान तुटेना म्हणून पायानं खांदा दाबून धरला आणि पुन्हा घातला. मी धावले ते आजोबांकडे, वाटलं, बाप आहे, आवरेल. म्हातारा पडलेल्या मुलाच्या छातीवर बसला होता आणि न फोडलेलं शहाळं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर आपटत होता. तोंड राहिलं नाही. मागे एक सून दुसरीचे केस धरून तिचं डोकं पुलाच्या काठावर आपटत होती, कपडे धुवावेत तशी.

बाहेरच्या कुणालाही कुणी बोट लावलं नाही. शहाळेवाला मध्ये पडला तर धाकट्यानं त्याला हलकेच बाजूला केलं आणि म्हणाला, काका, हे आमच्या घरातलं आहे.

मुलांना मी ऑफिसात कोंडलं. दार उघडलं तेव्हा त्यांनाही एकमेकांपासून सोडवावं लागलं.

उन्नतीनं काही पाहिलं नाही. देवाची कृपा, ती खोलीत झोपली होती.

२८ एप्रिल, सोमवार

पोलीस आले. थोरल्याचं आणि एका सुनेचं, अशी दोन प्रेतं नेली; धाकट्याला, म्हाताऱ्याला आणि दुसऱ्या सुनेला अटक करून नेलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, घरगुती वाद, प्रॉपर्टीचा असणार. जॅक्सननं पूल रिकामा करून घासला. आता विहिरीच्या पाण्यानं परत भरतोय.

मी उन्नतीला म्हटलं, चल, बोळिंजच्या खोलीवर जाऊ. ती म्हणाली, तू मला दोन वर्षांनी बोलावलंस आणि आता लगेच हाकलतेस. मला राग आला. इतका राग, एवढ्याशा बोलण्यावर. निघायचं राहिलं.

३० एप्रिल, बुधवार

तिचे केस विंचरत होते. लहानपणासारखी माझ्यापुढे मांडी घालून बसली होती. केस दाट आहेत, माझे गळतात. मनात आलं, हे माझे घेतलेत हिनं. कंगवा टाळूत घुसेपर्यंत कळलं नाही. रक्ताचा ओघळ कानामागे आला. ती वळली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं, की—

सॉरी म्हटलं. तीही म्हणाली, इट्स ओके आई. पण जेवताना तिनं माझ्या पानातली भाकरी उचलली आणि माझ्यावरची नजर काढली नाही.

१ मे, गुरुवार

पायऱ्यांवर तिनं मला ढकललं. कोपर सुजलंय. खाली येऊन माझ्याजवळ बसून रडली. म्हणाली, आई, मला कळलंच नाही, मला नुसतं वाटलं की आता माझी बारी.

हा शब्द तिला कुणी शिकवला?

माझंही खरं लिहिते, खोटं लिहून काय करू. ती रडत होती तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती आणि मी पायरीच्या सुट्या दगडाकडे बघत होते.

२ मे, शुक्रवार

सकाळी रेजिनाचं घर गाठलं. कोपर दाखवलं, उन्नतीचं डोकं सांगितलं. ती जपमाळ हातात घट्ट धरून ऐकत राहिली. मग सगळं बोलली, माझ्याकडे न बघता.

तिचा नवरा थॉमस आणि त्याचा धाकटा भाऊ. बापामागे वाडी वाटली. विहीर वाटता येत नाही, म्हणून पाण्याची बारी ठरली, एक दिवस याची, एक दिवस त्याची. एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि दोघंही एकाच वेळी विहिरीवर आले. थॉमसनं भावाला कोयत्यानं फाडलं आणि जिवंतच आत टाकलं. दोर वर ओढून घेतला. दिवसभर तो आतून ओरडत होता, माझी बारी आहे, माझी बारी आहे. अख्ख्या गावानं ऐकलं. घरातलं भांडण म्हणून कुणी मध्ये पडलं नाही.

पुढे त्याच पाण्यावर थॉमस आणि त्यांचा थोरला मुलगा. थोरला उरला नाही. थॉमस तुरुंगात मेला. तेव्हापासून गावाचा नेम आहे, एका घरच्या दोघांनी एकाच दिवशी त्या विहिरीचं पाणी घ्यायचं नाही. एक जण येवो, परके शंभर येवोत, काही होत नाही. रेजिना म्हणाली, "मी जॅक्सनला बोलली होती, बाय, धंदा कर, पन घर आनू नको कुणाचं."

मी विचारलं, इथून लांब गेलो तर? तिनं जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला. मग म्हणाली, दोघांतला एक कमी झाल्याशिवाय ते सुटत नाही.

जयवंतच्या घरी फोन केला. त्याच्या बायकोनं उचलला. मागच्या आठवड्यात जयवंत लिफ्टनं धाकट्याच्या घरी गेला, जेवला, बडीशेप खाल्ली आणि जिन्यात त्याचं डोकं फुटेपर्यंत कठड्यावर आपटलं. ती विचारत होती, तुमच्याकडे त्या दिवशी नक्की काय झालं हो?

जॅक्सनला गाठलं. त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणाला, म्हाताऱ्यांच्या गोष्टी वाटल्या. मी म्हटलं, मग आई पुलावर आली की पळतोस का? त्यानं गॉगल काढून पुसला. म्हणाला, मॅडम, पोरं यायची, ऑफिसं यायची, काही होत नव्हतं. आधार बघायला तुम्ही सुरुवात केलीत.

खरं आहे. माझ्याच आवाजात सांगितलं मी सगळ्या आयांना. डोळे मिटून या.

३ मे, शनिवार, पहाटे

झोपले नाही. तिला झोपलेली बघत बसले. उशी हातात होती. माझी उशी माझ्या जागेवरच होती, मग ही कुठून—

ठेवली. बाहेर येऊन बसले. नखं तळहातात रुतवली आहेत.

एक कमी. तर तो मी. तिचं वय चौदा. पण मी स्वतःला काही करायला गेले की हात थांबतो, आणि तिच्याकडे बघितलं की थांबत नाही.

३ मे, सकाळ

ठरलं. रेजिना आली आहे. ती परक्या घरची, तिला भीती नाही. ती उन्नतीला साताऱ्याच्या गाडीत बसवून देईल. यमुनाताईला फोन केला, सांगितलं, मी आले तर दार उघडू नकोस. मी काहीही म्हटलं तरी. ताई विचारत होती, वेडी झालीस का? हो म्हटलं.

मी चादरींच्या खोलीत. खिडकीला गज आहेत. आतलं सगळं बाहेर काढलं, कात्री, हँगर, इस्त्री, दोरी. रेजिना बाहेरून कडी घालणार आणि परत आली की फादरना आणणार, पोलिसांना आणणार, कुणालाही आणू दे. तोवर मी आत.

उन्नती दाराशी आली होती. मी तिला जवळ येऊ दिलं नाही. तिला वाटतंय, मला ती नको आहे. वाटू दे.

कडी घातली.

३ मे

रिक्षा गेली. आवाज पुलावरून गेला, बनात गेला. गेली. सुटली पोर.

दारावर धडका मारतेय मी. मीच. खांदा निखळलाय बहुतेक. ती माझं पाणी प्यायली, माझे केस, माझी भाकरी, माझं— नाही. गेली ती. लिहीत राहायचं. लिहिताना हात दुसरं काही करत नाही.

भरती लागली. विहिरीकडून—

नाही ऐकत.

३ मे

कुणीतरी धावत येतंय. अनवाणी.

आई म्हणतेय.

उतरली वाटेत. रेजिनाचा हात सोडवून परत आली. म्हणतेय, मला नाही जायचं, तू एकटी कशी राहशील, मी नाही रागावले तुझ्यावर.

मी ओरडतेय, उघडू नकोस. ओरडतेय का मी? तोंड दाबलेलं आहे. माझ्याच हातानं.

कडीला हात लागला.

वेडी पोर. रडून डोळे सुजलेत. हातात काही नाही तिच्या. माझ्या गळ्यात पडली. माझेही हात रिकामे, एका हातात फक्त हे पेन. तिची मान किती बारीक आहे, माझ्या एका हातात सहज